उंचीवर स्नोमोबाइलचा जोर का कमी होतो?

प्रश्न : मी कॅल्गरीत राहतो. माझी जुनी टू-स्ट्रोक, कार्ब्युरेटरची स्नोमोबाइल रॉकी पर्वतात गेली की अडखळते, धूर जास्त सोडते. नवा सायलेन्सर बसवू का?

उत्तर : सायलेन्सरवर पैसे घालवू नका. कॅल्गरी सुमारे १०५० मीटर उंचीवर आहे. तुम्ही दोन हजारांच्या वर जाता तेव्हा हवा आणखी विरळ होते, पेट्रोल मात्र तेवढेच येते. प्लग काढून पाहा. टोक काळे, ओलसर असेल तर मेन जेट लहान हवा. कोणता, हे गाडीच्या उंची-तापमानाच्या तक्त्यात मिळेल. पण खाली परतल्यावर जुना जेट पुन्हा बसवाच. खाली आलात किंवा थंडी वाढली की हवा दाट होते. लहान जेटवर पेट्रोल कमी पडते, पिस्टन तापून जाम होतो आणि इंजिनाचे काम निघते.

त्यानंतर क्लचकडे वळा. उंचीवर ताकद घटल्याने आरपीएम चढत नाहीत. पुढच्या क्लचमध्ये हलकी वजने घातली की ते पुन्हा जागेवर येतात. मात्र आधी बेल्ट तपासा. कडा चकाकत असतील, रुंदी पुस्तकातल्या मर्यादेखाली गेली असेल, तर वजने बदलून उपयोग नाही. हे सारे इंजिन बंद ठेवूनच.

ट्रॅकचा ताण पुस्तकाप्रमाणे ठेवा. फार घट्ट ट्रॅक जोर खातो. नुसत्या कडक बर्फावर पळवू नका, खालच्या प्लॅस्टिकच्या पट्ट्यांना गार राहायला भुसभुशीत बर्फ लागतो.