चिठ्ठीवरचे शब्द : त्वचा, केस आणि नखे



श्रामणेर शिबिरात चीवर देताना भन्तेजी केस, रोम, नखे, दात आणि त्वचा या पाच गोष्टींवर चिंतन करायला सांगतात. त्यातले दात वगळले तर बाकी सगळे एकाच डॉक्टरकडे दाखवायचे असते, कारण केस आणि नखे त्वचेतूनच उगवतात. मोठ्या सरकारी रुग्णालयात या विभागावर 'डर्मेटॉलॉजी' किंवा 'त्वचा व गुप्तरोग विभाग' अशी पाटी असते. 'डर्मा' म्हणजे त्वचा. पाटीवर 'गुप्तरोग' वाचून आपली माणसे, विशेषतः बायका, दारातूनच परत फिरतात. तसे करू नये. खरूज आणि केसगळतीसुद्धा तिथेच पाहतात.

या वेळच्या पाठात आपण त्या विभागाच्या चिठ्ठीवर येणारे शब्द शिकणार आहोत. आजाराचे नाव चुकले की दोन नुकसाने होतात. मलम चुकते आणि पैसा वाया जातो. दुसरे नुकसान मोठे आहे. ज्याला काहीही संसर्गजन्य झालेले नाही, त्याचे ताट-वाटी वेगळे होते.

आधी साधे शब्द

डॉक्टर तपासताना जे दिसते ते लिहितात. सपाट डाग म्हणजे 'मॅक्युल'. लहान टणक पुळी म्हणजे 'पॅप्युल'. पाण्याने भरलेला फोड 'व्हेसिकल', पू भरलेला 'पस्ट्युल'. व्रण म्हणजे 'अल्सर'. खाजेला 'प्रुरायटस' आणि अंगावर पित्त उठण्याला 'अर्टिकेरिया' म्हणतात.

शब्दाचे तुकडे पाडता आले की निम्मे काम झाले. शेवटी 'आयटिस' असेल तर दाह, म्हणजे सूज-लाली. 'डर्मेटायटिस' म्हणजे त्वचेचा दाह. 'मायकोसिस' म्हणजे बुरशीचा आजार. 'ऑनिको' म्हणजे नख, म्हणून 'ऑनिकोमायकोसिस' म्हणजे नखाला लागलेली बुरशी. 'हायपो' म्हणजे कमी, 'हायपर' म्हणजे जास्त. 'हायपोपिग्मेंटेड' लिहिले असेल तर तिथला रंग कमी झाला आहे, एवढाच अर्थ. घाबरायचे कारण नाही.

खाजेची तीन नावे

वस्तीत खाजणाऱ्या सगळ्याला 'खाज' म्हणतात आणि मेडिकलमधून एकच ट्यूब आणतात. पण आजार तीन आणि उपाय तीन.

पहिला नायटा, म्हणजेच गजकर्ण. चिठ्ठीवर 'टिनिया' लिहितात. गोल चट्टा, कडा लालसर आणि उठलेली, मधला भाग थोडा साफ. हा बुरशीने होतो. पुढचा शब्द जागा सांगतो : 'कॉर्पोरिस' म्हणजे अंगावर, 'क्रुरिस' म्हणजे जांघेत, 'पेडिस' म्हणजे पायाला, 'कॅपिटिस' म्हणजे डोक्यात. लहान मुलाच्या डोक्यात 'टिनिया कॅपिटिस' असेल तर नुसते मलम पुरत नाही, पोटात औषध द्यावे लागते.

दुसरी खरूज, म्हणजे 'स्केबीज'. डोळ्यांना सहज न दिसणारा बारीक किडा कातडीत शिरून अंडी घालतो. रात्री खाज वाढते. बोटांच्या बेचक्यात, मनगटावर, कमरेभोवती पुळ्या दिसतात. एका खोलीत सहा-सात जण झोपत असतील तर एकट्याने औषध लावून उपयोग नाही. खाज नसली तरी घरातल्या सगळ्यांनी एकाच रात्री, डॉक्टर सांगतील तसे सर्वांगाला औषध लावायचे. कपडे आणि पांघरुणे गरम पाण्यात धुऊन कडक उन्हात वाळवायची.

तिसरा इसब, म्हणजे 'एक्झिमा'. हा एकाचा दुसऱ्याला होत नाही. सिमेंटमध्ये हात घालणारे गवंडी, फिनेल-ब्लीचिंगने सफाई करणारे कामगार आणि दिवसभर साबणाच्या पाण्यात भांडी घासणाऱ्या बायका यांच्या हातांना तो होतो. चिठ्ठीवर 'कॉन्टॅक्ट डर्मेटायटिस' असेल तर कामातली एखादी वस्तू त्वचेला सोसत नाही, असा अर्थ. औषधाबरोबर हातमोजे हवेत. मालकाकडे किंवा मुकादमाकडे ते मागणे हा आपला हक्क आहे.

ट्यूबवरचे नाव वाचा

ट्यूबवर 'क्लोबेटासोल', 'बेटामेथासोन' किंवा 'मोमेटासोन' यांपैकी काही छापले असेल तर त्यात स्टेरॉईड आहे. इसबावर डॉक्टर ते मोजून देतात. नायट्यावर लावले तर दोन दिवस खाज थांबते, लाली उतरते, माणूस खूश होतो. आत बुरशी मात्र पसरत राहते. चट्ट्याचे रूप असे बदलते की ओळखणेही कठीण होते. डॉक्टरांनी त्याला नावच दिले आहे, 'टिनिया इन्कॉग्निटो', म्हणजे वेश बदललेला नायटा. गोरे होण्यासाठी हीच मलमे तोंडाला लावणाऱ्या मुलींची कातडी पातळ होते, पुटकुळ्या येतात, लव वाढते. अशी स्टेरॉईड मलमे २०१८ पासून डॉक्टरांच्या चिठ्ठीशिवाय विकायची नाहीत असा नियम आहे. मेडिकलवाल्याने आपणहून दिली तरी घेऊ नका.

पांढऱ्या डागाची चार नावे

इथे नाव चुकले तर लग्न मोडते, म्हणून नीट वाचा.

मुलांच्या गालावर फिकट, कोरडे, अस्पष्ट कडांचे चट्टे दिसतात. ते 'पिटिरियासिस अल्बा'. लोक जंत किंवा कॅल्शियमची कमतरता म्हणतात, पण हा कोरड्या त्वचेचा सौम्य इसब आहे.

छाती, पाठ, मानेवर बारीक कोंडा सुटणारे फिकट किंवा तपकिरी डाग म्हणजे शिबे, 'टिनिया व्हर्सिकलर'. घामट हवेत वाढणारी ही बुरशी आहे. औषधाने जाते. रंग परत यायला मात्र महिने लागतात.

दुधासारखा पांढराशुभ्र डाग म्हणजे कोड, 'व्हिटिलिगो'. शरीराचीच संरक्षण यंत्रणा रंग बनवणाऱ्या पेशींवर उलटते. स्पर्शाने, एकत्र जेवल्याने, लग्नाने कोड लागत नाही. त्याचा कुष्ठरोगाशी काहीही संबंध नाही.

कुष्ठरोग, 'लेप्रसी', याचा डाग फिकट किंवा लालसर असतो आणि बहुतेक वेळा त्या जागी स्पर्श कळत नाही. डोळे मिटायला सांगून कापसाचा बोळा डागावर हळूच टेकवा. कळले नाही तर लगेच सरकारी दवाखान्यात जा. सुई किंवा चटका वापरून पाहू नका. स्पर्श कळला, तरी न जाणारा डाग डॉक्टरांना दाखवाच. हा आजार जंतूने होतो. तो जंतू १८७३ मध्ये नॉर्वेच्या हॅन्सन यांनी शोधला. मागच्या जन्माच्या पापाने हा होतो, असे सांगणाऱ्याला हे साल सांगा. 'एमडीटी' नावाचे औषध सरकारी दवाखान्यात मोफत मिळते. सहा किंवा बारा महिने न चुकता घेतले की आजार पूर्ण बरा होतो. उपचार सुरू झाल्यावर संसर्गाचा धोका लवकरच संपतो. उशीर केला तर मात्र बोटे वाकडी होतात, पायाला न कळता जखमा होतात.

कुष्ठरोग हे घटस्फोटाचे कारण धरणारे कलम हिंदू विवाह कायद्यात होते आणि तो कायदा बौद्धांनाही लागू आहे. २०१९ मध्ये ते कलम काढून टाकले गेले. कायद्यातून गेले ते आपल्या मनातूनही जायला हवे.

केस आणि नखे

डोक्यावर अचानक गुळगुळीत गोल टक्कल पडले तर ती चाई, 'ॲलोपेशिया एरियाटा'. ती संसर्गाने होत नाही. पुष्कळदा केस परत येतात. कांदा-लसूण चोळून कातडी भाजू नका. त्या जागी कोंडा आणि तुटलेले केस असतील तर ती चाई नसून नायटा असू शकतो. उवांना 'पेडिक्युलोसिस' म्हणतात. त्या कोणाच्याही डोक्यात होतात. त्यावरून शाळेत मुलीला वेगळे बसवत असतील तर शिक्षकांशी बोला.

नखाच्या कडेला सूज, ठणका, पू म्हणजे नखुर्डे, 'पॅरोनिकिया'. हात सतत ओले राहणाऱ्यांना ते वारंवार होते. नख मधे खोलगट, चमच्यासारखे झाले तर 'कोयलोनिकिया'. बहुतेक वेळा ते अंगात लोह कमी असल्याचे लक्षण असते. घरातल्या बाईची नखे अशी दिसली तर नखाला काही लावत बसू नका, तिचे हिमोग्लोबिन तपासून घ्या.

सुप्रबुद्धाचे स्थान

बाबासाहेबांनी 'भगवान बुद्ध आणि त्यांचा धम्म' या ग्रंथात पतित-दलितांच्या धम्मदीक्षेच्या प्रकरणात उपाली न्हावी आणि सुनीत भंगी यांच्या ओळीत सुप्रबुद्ध या कुष्ठरोग्याला बसवले आहे. गर्दी पाहून, अन्न मिळेल या आशेने तो आला होता. तथागतांनी त्याला दूर उभे केले नाही. त्याला समजेल अशा रीतीने त्यांनी धम्म सांगितला. शिवाशिव काय असते हे आपल्या आजी-आजोबांनी सोसले आहे. आपल्याच घरात एखाद्याच्या कातडीवरच्या डागासाठी ती पुन्हा सुरू करणे आपल्याला शोभत नाही.

सराव

घरातल्या जुन्या चिठ्ठ्या आणि अर्धवट संपलेल्या ट्यूबा काढा. शाळेत जाणाऱ्या मुला-मुलींना त्यावरची नावे मोठ्याने वाचायला लावा. आज शिकलेले किती शब्द सापडतात ते मोजा. स्टेरॉईडची ट्यूब निघाली तर ती कोणाला, कोणी आणि किती दिवसांसाठी दिली होती ते विचारा. पुढच्या वेळी दवाखान्यात गेलात की डॉक्टरांना तीन प्रश्न विचारा : या आजाराचे नाव काय? तो दुसऱ्याला होतो का? औषध किती दिवस घ्यायचे? उत्तरे चिठ्ठीच्या मागे मराठीत लिहून घ्या.