आडवी बाटली आणि मतदारयादी

नागझिऱ्याच्या अभयारण्यात शिरणाऱ्या वाटांपैकी एक वाट गोंदिया जिल्ह्याच्या तिरोडा तालुक्यातील चोरखमारा या गावावरून जाते. तलाव, धानाच्या बांध्या आणि त्यांपलीकडे जंगल, असा हा मुलूख. या पट्ट्यातील गावांचे वर्ष मोहफुले, तेंदूपाने आणि धानाची रोवणी या हंगामांनी आखून दिलेले असते. तेंदूपानांच्या मजुरीचा रोख पैसा घरापर्यंत पोचतो की वाटेतच संपतो, हा प्रश्न येथील गृहिणीला कोणत्याही विकास योजनेपेक्षा अधिक जवळचा आहे.

व्यसनांविरुद्धचे कायदे आपल्याकडे कमी नाहीत. 1949 चा दारूबंदी अधिनियम आहे, 1985 चा अंमली पदार्थांविषयीचा कायदा आहे, 2003 चा तंबाखू नियंत्रण कायदा आहे. राज्याने 2011 मध्ये व्यसनमुक्ती धोरणही जाहीर केले. परंतु या सर्वांतून एखाद्या गावाच्या हाती नेमके काय पडते, याचा विचार क्वचितच होतो.

शेजारच्या गडचिरोली जिल्ह्याने याचे एक उत्तर दिले आहे. डॉ. अभय व डॉ. राणी बंग यांच्या पुढाकाराने तेथे दारूमुक्तीची लोकचळवळ उभी राहिली, गावोगावच्या स्त्रिया तिच्यात उतरल्या आणि 1993 मध्ये शासनाने तो जिल्हा दारूबंदीचा म्हणून घोषित केला. त्याच जिल्ह्यातील अनुसूचित क्षेत्रांत 1996 च्या ‘पेसा’ कायद्याने मादक पदार्थांच्या विक्रीवर नियंत्रण ठेवण्याचा अधिकार थेट ग्रामसभेला मिळालेला आहे. गोंदिया जिल्हा मात्र अनुसूचित क्षेत्रात मोडत नाही. तेव्हा येथील गावाला परवानाधारक दुकान हटवावयाचे असल्यास मार्ग उरतो तो मतदानाचा.

हा मार्ग 2008 च्या शासन आदेशाने निश्चित केला आहे. गावातील एकूण महिला मतदारांपैकी किमान 25 टक्के महिलांनी मागणी केली, की सह्यांची पडताळणी होऊन गुप्त मतदान घेतले जाते. मतपत्रिकेवर उभी बाटली व आडवी बाटली अशी दोन चिन्हे असतात. आडव्या बाटलीला 50 टक्क्यांहून अधिक मते मिळाली, तर दुकान बंद होते. मात्र हे 50 टक्के झालेल्या मतदानाचे नव्हेत, तर यादीतील एकूण महिला मतदारांचे मोजले जातात, हे ध्यानात ठेवले पाहिजे.

उदाहरणादाखल एक हिशेब मांडू. एखाद्या गावात 800 महिला मतदार आहेत. अर्जासाठी 200 सह्या पुरतात. दुकान बंद होण्यासाठी मात्र 401 मते हवीत. समजा 520 स्त्रियांनी मतदान केले, 390 जणींनी आडवी बाटली निवडली आणि 130 जणींनी उभी. मतदान करणाऱ्या चारपैकी तीन स्त्रिया बंदीच्या बाजूने असूनही दुकान कायम राहते. घरी बसलेली, कामासाठी परगावी गेलेली, लग्न होऊन सासरी गेलेली पण नाव न वगळलेली, इतकेच काय मृत्यूनंतरही यादीत राहिलेली स्त्री, या सर्वजणी हिशेबापुरत्या उभ्या बाटलीच्या बाजूने उभ्या राहतात!

म्हणून या लढ्याची खरी पूर्वतयारी सभांपेक्षा मतदारयादीत आहे. आमच्या वाचकांपैकी अनेक शिक्षक मतदान केंद्रस्तरीय अधिकाऱ्याचे काम पाहतात. मृत, दुबार व कायमचे स्थलांतरित मतदार यांची नावे वगळण्याचे अर्ज वेळेवर भरून घेणे हे त्यांचे नित्याचेच कर्तव्य. त्यात ते कोणत्याही पक्षाची बाजू घेत नाहीत, परंतु गावाचा कौल खरा ठरण्यास साहाय्य करतात. मतदानाचा दिवसही विचारपूर्वक सुचवावा. ऐन तेंदूपानांच्या हंगामात पहाटेच जंगलात गेलेली स्त्री किंवा रोवणीच्या चिखलात दिवसभर वाकलेली स्त्री केंद्रावर येईल, अशी अपेक्षा धरणे व्यर्थ होय.

दुकान बंद झाले की काम संपले, असेही नाही. चंद्रपूर जिल्ह्यात स्त्रियांच्या दीर्घ आंदोलनानंतर 2015 मध्ये बंदी आली आणि 2021 मध्ये ती उठविण्यात आली. ती उठविणे योग्य की अयोग्य, यावर मतभेद आहेत. परंतु परवान्याचे दुकान गेल्यावर चोरटी दारू मागील दाराने येते, हे नाकारण्यात अर्थ नाही. त्यासाठी दारूबंदी अधिनियमात 2016 मध्ये सुधारणा करून ग्रामरक्षक दलाची तरतूद करण्यात आली आहे. दल कागदावर स्थापन करणे सोपे असते. त्याने दिलेल्या खबरीवर पोलीस व राज्य उत्पादन शुल्क खात्याने तत्परतेने कारवाई केली, तरच ते टिकते.

दुसरी बाब उपचाराची. वर्षानुवर्षे रोज पिणाऱ्याची दारू एकाएकी तुटली, तर पहिल्या दोन-तीन दिवसांत हातपाय कापणे, झटके येणे, भ्रम होणे अशी लक्षणे उद्भवू शकतात आणि ती जिवावरही बेततात. अशा माणसास घरात कोंडून न ठेवता रुग्णालयात नेले पाहिजे. 2019 मध्ये प्रसिद्ध झालेल्या राष्ट्रीय पाहणीनुसार दारूच्या पूर्ण आहारी गेलेल्या 38 जणांमागे जेमतेम एकालाच उपचार मिळतो. केंद्र शासनाच्या 14446 या निःशुल्क दूरध्वनी क्रमांकावर मार्गदर्शन मिळते. तो ग्रामपंचायतीच्या फलकावर लिहिलेला असावा.

आणि खर्रा! सुपारी, तंबाखू व चुना घोटून केलेली ही पुडी पूर्व विदर्भात व्यसन म्हणून गणलीच जात नाही. पाहुण्यापुढेही ती सहज केली जाते. शाळेपासून 100 यार्डांच्या आत तंबाखूजन्य पदार्थ विकण्यास बंदी आहे. 2015 च्या बाल न्याय अधिनियमानुसार तर बालकास तंबाखू देणाऱ्यास सात वर्षांपर्यंत सश्रम कारावास होऊ शकतो. दंडाचे कलम वाचून दाखविण्याआधी गुरुजींनी स्वतःचा खिसा तपासावा, एवढे मात्र सुचवावेसे वाटते. गडचिरोलीत 2016 पासून सुरू झालेल्या ‘मुक्तिपथ’ उपक्रमाने दारूबरोबर तंबाखूचाही विचार केला, तो याच अनुभवातून.

ग्रामसभेपूर्वी महिलांची स्वतंत्र सभा घेण्याची तरतूद आहेच. 15 ऑगस्टच्या ग्रामसभेआधी भरणाऱ्या अशा सभेत महिला मतदारांची यादी मोठ्याने वाचून दाखविली, तर कोण सासरी गेली, कोण वारली, कोणाचे नाव दोनदा आले, हे तेथल्या तेथेच कळते. त्यास फार तर एक दुपार पुरते.