लोडवर गाडी ओढत नाही? पंप उतरवण्याआधी एवढे करा

घुग्गुसचा कोळसा असो, गडचांदूरचे सिमेंट की सूरजागडचे लोहखनिज, तक्रार एकच ऐकू येते. रिकामी गाडी सुरेख पळते, लोड भरला की चढावर दम सोडते, दहा मिनिटे उभी केली की पुन्हा चालू. मग नोझल बदलले जातात, पंप कॅलिब्रेशनला जातो, वीस-पंचवीस हजार संपतात आणि गाडी पुन्हा त्याच चढावर बसते. स्वस्त तपासणी आधी, महाग नंतर, हा क्रम मालकानेच धरून ठेवायचा.

पहिली तपासणी फुकट आहे. गाडीने दम सोडला की टाकीचे झाकण सैल करा. 'सूं' करून हवा आत गेली आणि गाडी सुधारली, तर झाकणाचे हवेचे छिद्र धुळीने बुजले आहे. कोळशाच्या नि खनिजाच्या रस्त्यावर ते बुजायला वेळ लागत नाही.

दुसरीला शे-दोनशे रुपये लागतात. टाकी आणि फीड पंप यांच्या मध्ये वीतभर पारदर्शक डिझेल नळी क्लिपांनी घट्ट बसवा आणि इंजिन रेस करून तिच्याकडे पाहत राहा. बुडबुड्यांची माळ दिसली तर लाइन हवा ओढते आहे: सैल क्लिप, खराब वॉशर किंवा चिरलेला होज. अशा जागी डिझेल बाहेर गळतेच असे नाही, म्हणून वरून पाहून काही कळत नाही. वॉटर सेपरेटरमधले डिझेल काचेच्या बाटलीत काढून अर्धा तास ठेवा. पाणी असेल तर तळाशी वेगळे दिसते.

तरी उलगडा झाला नाही, तर स्वच्छ डिझेलचा कॅन सायलेन्सरपासून दूर पक्का बांधा, सप्लाय आणि रिटर्न दोन्ही पाइप त्यात सोडा आणि भरलेली गाडी त्याच चढावर न्या. ओढली, तर दोष टाकीत, जाळीत किंवा लाइनमध्ये आहे. पंपाला हात लावू देऊ नका.

धूर काळा असेल तर आधी एअर क्लीनर आणि टर्बो-इंटरकूलरचे होज बघा. निळा धूर म्हणजे ऑइल जळते आहे. तो खर्च मोठा, आणि तिथे दुसरे मत घ्यावेच.

जुन्या पंपाच्या गाडीत मिस्त्री एकेका नोझलचा पाइप सैल करून आवाज ऐकतो. ज्याने आवाज बदलत नाही, तो सिलिंडर मेलेला. सीआरडीआय गाडीत हे कधीही करू देऊ नका. हजार बारच्या पुढच्या दाबाचे डिझेल कातडीतून आत घुसते. तिथे स्कॅनर लावावा लागतो; हजार-दीड हजार द्या, पण नुसता फॉल्ट कोड नको, लोडवर चालत्या गाडीत रेल प्रेशर किती पडते ते दाखवायला सांगा. इंजेक्टरच्या रिटर्नला बाटल्या लावल्या की जास्त भरणारी बाटली दोषी इंजेक्टर दाखवते. एक इंजेक्टर साधारण १५ ते २५ हजारांचा; सहाच्या सहा बदलायची घाई का करायची? १ एप्रिल २०२० नंतरच्या बीएस-६ गाडीत डीपीएफ (धुराची काजळी अडवणारा फिल्टर) चोक झाला किंवा युरिया खराब निघाला, तरी इंजिन स्वतःच ताकद कमी करते.

तपासणीची मजुरी आधीच वेगळी ठरवा, काढलेला पार्ट परत मागा, कॅलिब्रेशनचा रिपोर्ट घ्या. २२ सप्टेंबर २०२५ पासून सुट्या भागांवर १८ टक्के जीएसटी आहे. तो वाचवायला कच्चे बिल घेतले, तर उद्या वॉरंटी मागायला हातात कागद राहत नाही. माल भरून गाडी अडकली असेल तर ई-वे बिलाकडे लक्ष ठेवा. मुदत संपण्याच्या आधीच्या किंवा नंतरच्या ८ तासांत ती वाढवून घेता येते.

स्वतःच्या पोटापाण्यासाठी ट्रक चालवणारा मालक २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्याने ग्राहक ठरतो. सदोष दुरुस्तीबद्दल चंद्रपूर किंवा गडचिरोलीच्या जिल्हा ग्राहक आयोगात दोन वर्षांच्या आत दाद मागता येते, आणि मोजलेली रक्कम ५ लाखांपर्यंत असेल तर तक्रारीला शुल्क पडत नाही.