अनंतवातसदृश शिरःशूल आणि रक्तदाब

सुश्रुतांनी वर्णिलेल्या अनंतवातात वेदना मानेकडून निघून नेत्र, भुवई व शंखप्रदेशी स्थिरावते. क्लस्टर शिरःशूलाशी त्याचे साम्य आहे. ऐक्य मात्र मानू नये. १५ मिनिटे ते ३ तास टिकणाऱ्या वेगात एकाच बाजूचा डोळा लाल होऊन पाझरतो, रुग्ण येरझाऱ्या घालतो, रक्तदाब चढतो. वेग ओसरल्यावर तो पुन्हा मोजावा. १८०/१२० च्या वर असून दृष्टी अंधुक, वाणी जड वा छातीत वेदना असल्यास नस्य-लेपात वेळ न दवडता रुग्णास रत्नागिरीच्या जिल्हा रुग्णालयात धाडावे.

सुमाट्रिप्टान व एर्गोटामीन रक्तवाहिन्या आकुंचित करतात; अनियंत्रित रक्तदाबात ती निषिद्ध. औषधविक्रेत्यांनी जुन्या चिठ्ठीवर ती देऊ नयेत. अशा रुग्णांत वैद्यकीय देखरेखीखाली मुखवट्याद्वारे मिनिटास १२ ते १५ लिटर शुद्ध प्राणवायू अधिक सुरक्षित. यष्टिमधुही दीर्घकाळ दिल्यास रक्तदाब वाढवते, हे चिठ्ठी लिहिताना आपण सोयीस्करपणे विसरतो.