लिनक्सवर स्वॅप ठेवायचा की उडवायचा?

लिनक्स टाकताना पार्टिशनच्या स्क्रीनवर आलं की आपल्या होस्टेलमध्ये हमखास शेजारच्या रूमचं दार वाजतं. "अरे, स्वॅप किती ठेवू?" उत्तरं दोनच मिळतात. एक, "रॅमच्या दुप्पट." दोन, "आता कोण ठेवतं स्वॅप? उडव!" पहिलं उत्तर ६४ आणि १२८ एमबी रॅमच्या जमान्यातलं आहे. १६ जीबीच्या मशीनवर ३२ जीबी डिस्क अडवून ठेवण्यात काही अर्थ नाही. दुसरं उत्तर ऐकायला स्मार्ट वाटतं, पण त्यानेच जास्त नुकसान होतं. म्हणून हा लेख.

(संपादक मंडळाने स्वॅपला मराठी शब्द सुचवायला सांगितलं होतं. 'अदलाबदल' सुचला. पण लॅबमध्ये तसं कोणी म्हणणार नाही, तेव्हा स्वॅपच राहू दे.)

मित्रांनो, रॅम म्हणजे आपलं रूममधलं टेबल समजा. त्यावर दोन प्रकारचा पसारा असतो. एक, लायब्ररीची पुस्तकं. जागा कमी पडली तर ती परत करता येतात, कारण हवी तेव्हा पुन्हा आणता येतात. प्रोग्रॅमचा कोड आणि डिस्कवरून वाचलेल्या फाइल्स या प्रकारात येतात. दुसरा प्रकार म्हणजे हाताने लिहिलेल्या नोट्स. त्यांची दुसरी कॉपी कुठेच नाही. चालू प्रोग्रॅमने मागून घेतलेली मेमरी अशी असते, तिला ॲनॉनिमस पेजेस म्हणतात. कर्नल ती फेकू शकत नाही. स्वॅप म्हणजे कॉटखालची ट्रंक, या नोट्स ठेवायला.

आता ट्रंकच काढून टाकली तर काय होईल? सकाळपासून न पाहिलेल्या टॅबच्या नोट्स टेबलावरच पडून राहणार, आणि जागा करायला कर्नल तुम्ही आत्ता वाचत असलेलं लायब्ररीचं पुस्तक परत पाठवणार. पुढच्याच क्षणी ते पुन्हा आणावं लागणार. म्हणजे स्वॅप नसतानाही मेमरी भरत आली की डिस्कचा दिवा लुकलुकत राहतो आणि माऊस अडकतो. "स्वॅप बंद केला की डिस्कवर धावाधाव होत नाही" हे म्हणणं म्हणूनच चूक आहे.

तरीही जागा झाली नाही तर शेवटी ओओएम किलर येतो. कोणाला मारायचं हे तो मुख्यतः कोण किती मेमरी खातंय यावरून ठरवतो. गंमत अशी, की सर्वात जास्त मेमरी खाणारा प्रोग्रॅम म्हणजे बहुधा तुमचं सर्वात महत्त्वाचं काम! आमच्या विंगमधल्या एका मित्राकडे ४ जीबीचा सेकंडहँड डेस्कटॉप आहे. स्वॅप शून्य, कारण त्याला कोणीतरी एसएसडी खराब होईल म्हणून घाबरवलं होतं. प्रोजेक्ट रिव्ह्यूच्या आदल्या रात्री त्याचं सिम्युलेशन सहा तास चालून अचानक गायब झालं. डीमेसेज कमांड दिली तर तिथे 'आउट ऑफ मेमरी' आणि त्याच्याच प्रोग्रॅमचं नाव. नवीन रॅमचे पैसे नव्हते. रात्री एक वाजता आम्ही ४ जीबीची स्वॅप फाइल केली आणि रन पुन्हा लावला. हळू चालला, पण सकाळी रिझल्ट हातात होता.

एसएसडीच्या भीतीचा हिशोब करूया. २५६ जीबीच्या साध्या एसएसडीवर साधारण १०० टीबीच्या आसपास लिहिण्याची हमी असते. रोज २ जीबी स्वॅपमध्ये गेले तरी वर्षाला ७३० जीबी. १०० टीबी व्हायला सव्वाशे वर्षांच्या वर लागतील. तोवर आपण पास झालेलो असू.

पण स्वॅप म्हणजे फुकटची रॅम नव्हे. रॅमला सुमारे १०० नॅनोसेकंद लागतात, तर जुन्या हार्ड डिस्कला एका जागेवर जायला १० मिलिसेकंदांच्या आसपास. लाखपट फरक! तेव्हा आधी मोजा. 'फ्री -एच' मध्ये 'अव्हेलेबल' हा कॉलम बघा, 'फ्री' नको. मग नेहमीची सगळी कामं उघडून 'व्हीएमस्टॅट १' चालवा आणि 'एसआय', 'एसओ' हे कॉलम बघा. स्वॅप थोडा भरलेला आहे पण हे दोन्ही शून्याजवळ आहेत, तर काळजी नको. ट्रंकमध्ये सामान आहे, इतकंच. आकडे सतत पळत असतील तर रॅमच कमी आहे, आणि स्वॅप वाढवून ते दुखणं जाणार नाही.

माझं मत: ४ जीबीवर स्वॅप हवाच, ४ जीबीचा. ८ जीबीवर २ ते ४. १६ किंवा जास्त असेल तरी २ जीबी ठेवायला काय जातं? ३२ जीबीवर फक्त ब्राउझर आणि एडिटर वापरणाऱ्याने नाही ठेवला तरी चालेल. हायबरनेट करायचं असेल तर मात्र रॅमएवढा ठेवा, कारण तेव्हा रॅममधलं सगळं स्वॅपमध्येच लिहिलं जातं. हार्ड डिस्कवाल्यांनी झेडरॅम जरूर बघा. तो रॅममध्येच पेजेस कॉम्प्रेस करून ठेवतो, म्हणजे डिस्कची वाट बघायला नको. फेडोराने २०२० मध्ये ३३ व्या आवृत्तीपासून डेस्कटॉपला तोच डीफॉल्ट केला. फक्त त्याच्यावर हायबरनेट होत नाही.

आणि पार्टिशन पुन्हा पाडायची गरज नाही. उबुंटूसुद्धा २०१७ च्या १७.०४ पासून नवीन इन्स्टॉलला स्वॅप फाइलच करतो. ईएक्सटी४ वर 'डीडी'ने फाइल बनवा, परमिशन ६०० करा, मग 'एमकेस्वॅप' आणि 'स्वॅपऑन'. एफएसटॅबमध्ये ओळ टाकायला विसरू नका, नाहीतर रीस्टार्टनंतर तुमची ट्रंक गायब.