पाणी कसं ओलांडणार?

जळगाव स्टेशनवर रोज एक गाडी थांबते, तिचं नाव मंगला लक्षद्वीप एक्सप्रेस. निजामुद्दीनहून निघते, भुसावळ, जळगाव, मनमाड करत कोकण रेल्वेला लागते आणि एर्नाकुलमला जाऊन थांबते. लक्षद्वीपला ती जात नाही हे उघडच आहे. तिथलं जहाज कोचीच्या बंदरातून सुटतं. पण जानेवारी 2024 मध्ये पंतप्रधानांचे तिथल्या किनाऱ्यावरचे फोटो झळकले, आणि तेव्हापासून आपल्याकडेही, अमळनेर असो की साक्री, सुट्टीचा विषय निघाला की कुणीतरी म्हणतंच, "यंदा पोरांना एखाद्या बेटावर नेऊ." मग मोबाइल बाहेर येतात, निळं पाणी आणि पांढरी वाळू दाखवली जाते, आणि शेवटी मला विचारलं जातं की कोणतं बेट चांगलं.

आई-बाबांनो, त्यावर माझा उलटा प्रश्न ठरलेला आहे. तुमच्या घरातलं सगळ्यात लहान माणूस केवढं आणि सगळ्यात थकलेलं कोण?

बेटाच्या चारही बाजूंनी पाणी असतं हे पोरांना शाळेतच पाठ होतं. पालकांनी त्याच्या पुढचं बघायचं. ते पाणी जाताना एकदा आणि येताना एकदा ओलांडावं लागतं. कुठे पुलावरून, कुठे पायी, कुठे दहा मिनिटांच्या होडीनं, कुठे तासाभराच्या बोटीनं, कुठे जहाजानं. आधी ती रीत ठरवा, बेट मागाहून आपोआप ठरतं. फोटो पाहून बेट निवडलं की धक्क्यावर उभं राहिल्यावर कळतं, आजीला होडीत पाय टाकवत नाही आणि धाकटं भोकाड पसरून बसलंय.

खरं तर आपल्या आजी-आबांनी बेटं केव्हाच पाहिलेली असतात. यात्रा कंपनीच्या गाडीनं रामेश्वरला गेले ते पांबनचा पूल ओलांडून बेटावरच उतरले. बेट द्वारकेला गेले ते ओख्याहून बोटीनं. तिथे आता 25 फेब्रुवारी 2024 पासून सुदर्शन सेतू झाला आहे, गाडी थेट जाते. तेव्हा बेत आखताना आजीला सल्ला द्यायच्या आधी तिला विचारा, त्या बोटीत तिला कसं वाटलं होतं. तिला तिखटमिठासकट सगळं आठवत असतं.

पोरांनी समुद्र कधीच पाहिला नसेल आणि तुमच्या हाताशी दोनच दिवस असतील तर घारापुरी. गेटवेवरून तासाभराची बोट, धक्क्यापासून पायथ्यापर्यंत लहानशी गाडी, मग सव्वाशेच्या आसपास पायऱ्या. गुडघे दुखणाऱ्यांसाठी डोलीही मिळते. सोमवारी लेणी बंद असतात, एवढं मात्र घर सोडण्याआधी बघा. जळगावहून सव्वाचारशे किलोमीटर येऊन बंद दार पाहण्यात काही अर्थ नाही. घारापुरीला पोहायला म्हणून जाऊ नका, तिथे चिखल आणि खारफुटी आहे. रात्री मुक्कामही करता येत नाही. पण आपल्या पोरांना तिथे एक वेगळीच मजा आहे. अजिंठा आपल्या उंबऱ्याशी आहे, जळगावचं पोर शाळेच्या सहलीत कधी ना कधी तिथे जाऊन आलेलं असतं. अजिंठ्याची लेणी बौद्ध आणि इथली शैव, तिथे रंग आणि इथे भला थोरला त्रिमुखी शिव. हा फरक मुलं स्वतःच शोधून काढतात, गाइडची गरज पडत नाही. शिवाय एक गोष्ट जरूर सांगा: मुंबईचा झगमगाट समोर दिसत असूनही या बेटावर समुद्राखालून केबल टाकून कायमची वीज आली ती 2018 मध्ये. आपल्याकडच्या लोडशेडिंगवर कुरकुर करणारी मुलं हे ऐकून गप्प होतात, थोडा वेळ तरी.

चार-पाच दिवस असतील तर मात्र माझं मत सरळ मालवणच्या बाजूनं आहे. मालवणच्या धक्क्यावरून सिंधुदुर्गाला होडीनं दहा-पंधरा मिनिटं लागतात. घाबरट मूल रडायला लागेपर्यंत किल्ला आलेला असतो. 1664 साली महाराजांनी कुरटे बेटावर याचं काम सुरू केलं, पुढच्या तीनेक वर्षांत तो उभा राहिला. खारट पाण्याच्या मधोमध आत गोड्या पाण्याच्या तीन विहिरी आहेत: दूधबाव, दहीबाव, साखरबाव. ज्या मुलांनी उन्हाळ्यात टँकरमागे हंडे घेऊन धावणारी माणसं पाहिली आहेत, त्यांना या विहिरींचं महत्त्व समजावून सांगावं लागत नाही. तटावर महाराजांच्या हाताचा आणि पायाचा ठसा दाखवतात, आत शिवराजेश्वराचं मंदिर आहे, आणि काही कुटुंबं आजही किल्ल्यात राहतात. जुलै 2025 मध्ये युनेस्कोनं मराठ्यांचे बारा किल्ले जागतिक वारशात घेतले, त्यांत सिंधुदुर्ग, सुवर्णदुर्ग आणि खांदेरी हे तीन समुद्रातले आहेत. त्याच यादीत साल्हेरही आहे, आणि तो तर धुळ्याच्या शेजारचा. सुट्टीच्या आधी एका रविवारी साल्हेरचा पायथा दाखवून आणा, जमलं तर थोडं वर चढा. मग मुलाला डोंगरी आणि पाण्यातला असे दोन्ही किल्ले एकाच वर्षात पाहिल्याचा रुबाब मिळतो.

सिंधुदुर्गाची होडी साधारण तासाभरानं परत निघते, त्यामुळे किल्ला सगळा पाहून होत नाही. पुन्हा दुसऱ्या दिवशी जा. खर्च फार नाही, आणि दुसऱ्या खेपेला मूल स्वतः पुढे होऊन होडीत चढतं, हे बघायला तरी जाच. उरलेले दिवस तारकर्ली आणि देवबागला द्या. देवबागच्या खाडीत ज्याला त्सुनामी आयलंड म्हणतात ते खरं बेट नव्हे, वाळूचा पट्टा आहे, भरतीला पाण्याखाली जातो. तिथे पाण्यावर ओढत नेणाऱ्या पिवळ्या रबरी केळ्यावर बसवतात. रावेर-यावलच्या पोरांनी केळीच्या गाडीवर बसायला पैसे मोजावेत, हा विनोद प्रत्येक जळगावकर बाप करतोच. त्याला करू द्या. जेवणाची काळजी नको. घरात माळकरी आबा असतील तर घावणे, उसळी, सोलकढी, मोदक हे सगळं मिळतं, आणि दशम्या-ठेचा तर आपण डब्यात घेतलेलाच असतो. अंतर मात्र खरं अवघड आहे. मालवणसाठी कुडाळ किंवा कणकवली स्टेशन. धुळेकरांना गाडीनं सरळ जायचं म्हटलं तर सातशे किलोमीटरच्या घरात जातं. एका दमात नेऊ नका, मध्ये मुक्काम करा. चौदा तास गाडीत कोंबलेलं मूल समुद्र पाहून खूश होत नाही, ते झोपतं.

जंजिऱ्याला मी लहान मुलं आणि म्हातारी माणसं घेऊन जाण्याच्या विरुद्ध आहे. किल्ला अफाट आहे, राजपुरीहून शिडाच्या होडीत बसण्याची मौजही वेगळी. पण दरवाजाशी होडी लाटेवर वरखाली होत असताना पायरीवर पाय टाकायचा, हे काम पंधरा वर्षांच्या पोराचं आहे. त्याला न्या, बाकीच्यांना मुरूडला नारळपाणी पाजा. सुवर्णदुर्गाचंही तसंच. अंदमानबद्दल एवढंच म्हणेन की मूल सातवी-आठवीत गेल्यावर न्या. सेल्युलर जेलच्या कोठडीत उभं राहून त्याला काहीतरी कळलं पाहिजे. पाच वर्षांच्या पोराला तिथे नेलं तर एवढ्या लांबच्या विमानप्रवासातलं त्याला फक्त खिडकीपाशी कोण बसलं याचं भांडण आठवेल. लक्षद्वीपला परवाना लागतो, जहाजाची वा विमानाची जागा लागते. हे सगळं मुलांच्या शाळेच्या वेळापत्रकात बसत असेल तर जरूर जा, पण पहिलं बेट म्हणून नको. आणि दीव. नागवा किनारा सुंदर आहे, पूल आहे, मुलांना सोपं आहे. पण तिथे जाऊन आलेल्या आपल्या काही भावांना किनारा आठवत नाही, का ते मी सांगायला नको.

पायी ओलांडता येईल असं पाणी हवं तर अलिबागचा कुलाबा किल्ला. ओहोटीला समुद्र मागे सरतो आणि चालत किंवा घोडागाडीनं जाता येतं. इथे आईच्या हातातलं पंचांग कामी येतं. मुंबई-अलिबागकडची जुनी माणसं भरतीचा हिशेब असा करतात: त्या दिवशीची तिथी घ्या, तिची पाऊणपट करा, जो आकडा येईल त्या सुमारास पूर्ण भरती. चतुर्थीला चार गुणिले पाऊण, म्हणजे तीन. दुपारी तीनला भरती. ओहोटी तिच्या आधी सव्वासहा तास, म्हणजे सकाळी पावणेनऊच्या आसपास. किल्ल्यात सिद्धिविनायकाचं मंदिर आहे, तेव्हा चतुर्थीचा दिवस सगळ्याच बाजूंनी बरा पडतो. अष्टमीला ओहोटी दुपारी बाराला येते खरी, पण ती भांगाची; पाणी पुरतं हटेलच असं नाही. हा हिशेब मुलालाच करायला द्या. पाऊणकीचा पाढा का शिकायचा, असं आजोबांना विचारणाऱ्या पोराला त्याच दिवशी उत्तर मिळतं. आणि हिशेब जुळला तरी वाळूत उतरण्याआधी तिथल्या घोडागाडीवाल्याला विचारायचंच, परत कधी फिरायचं म्हणून. तो सांगेल त्याच्या आधी फिरायचं.

आता जरा कडू बोलते. आपल्याकडची मुलं पाठीला डबा बांधून विहिरीत पोहायला शिकतात, गिरणेत आणि पांझरेत डुंबतात. त्याचा बापाला अभिमान असतो आणि तो रास्तही आहे. पण विहिरीचं पाणी जागेवर उभं असतं. समुद्राचं पाणी ओहोटीला आत ओढतं, आणि ती ओढ वरून दिसत नाही. 1 फेब्रुवारी 2016 रोजी मुरूडच्या किनाऱ्यावर सहलीला आलेली पुण्याच्या कॉलेजची 14 मुलं बुडाली. त्यांचे हातपाय धडधाकट होते, वयही तरुण होतं. तेव्हा भरती चढती असतानाच पाण्यात उतरायचं, कमरेच्या वर नाही, आणि पाण्यात मुलं असताना मोठ्यांपैकी एकानं फक्त मोजत राहायचं, फोन खिशात. कुणी ओढीत सापडलंच तर किनाऱ्याकडे धडपडायचं नाही. किनाऱ्याला समांतर पोहत ओढीतून बाजूला निघायचं आणि मग बाहेर यायचं. हे मुलाला घरीच दोन-तीनदा सांगून ठेवा.

बोटीत लाइफ जॅकेट घालायचंच, सगळ्यांनी. 18 डिसेंबर 2024 ला घारापुरीच्या वाटेवर नीलकमल बोटीला नौदलाच्या वेगवान बोटीची धडक बसली आणि डझनाहून अधिक माणसं गेली. बापानं जॅकेट मांडीवर ठेवलं तर पोरगंही तसंच करतं. बोट लागणाऱ्या मुलाला रिकाम्या पोटी किंवा तुडुंब खाऊन नेऊ नका, मधल्या बाकावर बसवा, लांब क्षितिजाकडे बघायला सांगा, तोंडात आलेपाक द्या.

एक नाजूक गोष्ट. पहिल्यांदा समुद्र पाहणारं मूल कधीकधी भितं. आवाजाला भितं, पायाखालून सरकणाऱ्या वाळूला भितं. आपण एवढे पैसे खर्चून आणलं आणि हा कडेवरून उतरत नाही, म्हणून बाप त्याला ओढत पाण्यात नेतो आणि आई फोटो काढते. नका करू. त्याला कोरड्या वाळूत खड्डा खणत बसू द्या. दुसऱ्या दिवशी खड्ड्यात घालायला पाणी हवं म्हणून ते आपणहून लाटेपर्यंत जातं. तुम्ही लावलेल्या पैशांची वसुली त्याच्या चेहऱ्यावर शोधत बसू नका. त्याच्यावर ते ओझं फार लवकर पडतं.

राहिला प्रश्न तारखांचा, आणि आपल्याकडे तोच सगळ्यात अवघड. भुसावळचा पारा पंचेचाळीसच्या पुढे गेला की सगळ्यांना मे महिन्यात पळायचं असतं. पण मेच्या शेवटच्या आठवड्यापासून ऑगस्टअखेरपर्यंत कोकणातल्या बहुतेक होड्या बंद असतात, आणि मेच्या मध्यातही किनाऱ्यावर घामानं जीव नकोसा होतो. दिवाळीची सुट्टी हवेच्या दृष्टीनं उत्तम, पण तेव्हा शेतात कापूस फुटलेला असतो आणि वेचणीला माणूस मिळत नाही. नाताळात मालवणला पाय ठेवायला जागा नसते. म्हणून नोकरदारांनी दिवाळीच्या सुट्टीचा शेवटचा आठवडा धरावा, शेतकऱ्यांनी 26 जानेवारीला जोडून शाळेतून तीन दिवस मागून घ्यावेत. तेव्हा धुळ्यात हुडहुडी भरलेली असते आणि तिकडे हवा छान असते. शिक्षकही समजून घेतात, मुलानं परत येऊन वर्गात चार ओळी सांगितल्या की झालं. रेल्वेचं आरक्षण आता 60 दिवस आधी उघडतं, म्हणजे नोव्हेंबरच्या शेवटच्या आठवड्यात जागं राहायला हवं.

आणि भाऊ, हे खास तुमच्यासाठी. दर वेळी होतं काय, तिकिटं तुम्ही काढता, बॅगा तुम्ही गाडीत चढवता आणि म्हणता, "तुम्ही जाऊन या, मला गोठ्याचं बघायचंय." मुलांच्या प्रत्येक फोटोत आई असते, आत्या असते, मावशी असते. दोन गायींची धार चार दिवस काढायला शेजारच्या भाऊबंदाला सांगा. त्याच्या लेकीच्या लग्नात आठ दिवस मांडवात राबला होतात तुम्ही. तो नाही म्हणणार नाही. फार तर म्हणेल, येताना आमच्यासाठी काजू आणा. एक किलो जास्तीचे घ्या.