अठरा दिवसांत त्रिकोणमिती



एस.एस.एल.सी.चा निकाल लागला की आमच्या दारातल्या चपला वाढतात. पेढे घेऊन आलेली मुले थोडा वेळ इकडचे तिकडचे बोलतात आणि मग हळूच विचारतात, "सर, पी.यू.ला सायन्स घेतलंय. मॅथ्स जमेल ना?" त्या "ना"मध्ये बरेच काही असते. आपल्या बेळगावात आणि खानापूर-निपाणीकडेही दहावीपर्यंत मराठीतून गणित शिकलेले मूल कॉलेजात गेले की तेच गणित एकदम इंग्रजीतून समोर येते. पहिल्या दोन महिन्यांत काही मुले सायन्स सोडून कॉमर्सकडे वळतात. कॉमर्सला जाण्यात काही वाईट नाही, पण आवड असून केवळ घाबरून जाणे मला फार लागते. म्हणून मी सुट्टीत अठरा दिवसांचा त्रिकोणमितीचा वर्ग घेऊ लागलो. रोज दोन तास शिकवणे आणि घरी किमान दोन तास सराव. या वर्गात काय करतो आणि का करतो, ते तुमच्यासाठी लिहीत आहे.

पहिला प्रश्न असा की त्रिकोणमितीच का, आणि इतक्या घाईने का? प्रथम वर्षाच्या गणिताच्या पुस्तकात संच आणि संबंध-फलने ही दोन प्रकरणे आधी येतात, त्रिकोणमिती तिसरी. पण भौतिकशास्त्र गणितासाठी थांबत नाही. तिकडे सदिशांचे घटक पाडताना बलाला कॉस थीटाने आणि साइन थीटाने गुणणे लवकरच सुरू होते. फेकलेल्या चेंडूची वाट काढतानाही तेच. गणिताचे सर संचात असतात आणि भौतिकशास्त्राच्या बाई साइन दोन थीटा लिहून मोकळ्या होतात. मधल्या मध्ये मूल सापडते. चूक कुणाचीच नसते, वेळापत्रकाची रचनाच तशी असते. म्हणून त्रिकोणमिती जूनच्या आधी हवी.

असे घाईचे अभ्यासक्रम इतरत्रही असतात. अमेरिकेतल्या कम्युनिटी कॉलेजांत उन्हाळी सत्रात सोळा आठवड्यांची त्रिकोणमिती सहा-आठ आठवड्यांत पुरी करतात. हिशेब करून पाहा. आठवड्याला तीन तास याप्रमाणे सोळा आठवड्यांचे अठ्ठेचाळीस तास होतात. तेच सहा आठवड्यांत बसवायचे तर आठवड्याला आठ तास. त्यात प्रत्येक तासामागे घरी दोन तास अभ्यास धरला तर आणखी सोळा, म्हणजे आठवड्याचे चोवीस तास एकाच विषयाला. अशा वर्गात एक दिवस बुडणे म्हणजे नेहमीच्या वर्गातले जवळजवळ तीन दिवस बुडणे. आमच्या वर्गातला एक हुशार मुलगा मामाच्या लग्नासाठी दोन दिवस चंदगडला गेला. परत आला तेव्हा आम्ही अंश सोडून रेडियनवर पोहोचलो होतो. पुढचे चार दिवस तो फळ्यावरचे नुसते उतरवून घेत होता. शेवटी त्याला रोज सकाळी सातला घरी बोलावून ते दोन दिवस भरून काढावे लागले. लग्न चुकवा असे मी म्हणणार नाही, पण सोबतच्या मित्राची वही त्याच रात्री मिळवा.

आता माझी स्वतःची चूक सांगतो. पहिल्या वर्षी मी एका कागदावर चाळीस सूत्रे छापून आणली आणि रोज पाच पाठ करा म्हणून सांगितले. आठव्या दिवशी चाचणी घेतली. सूत्रे सगळ्यांना येत होती, गणिते कुणालाच येत नव्हती. बहुतेकांनी एकच चूक केली होती, अ अधिक ब या कोनाचा साइन म्हणजे अ चा साइन अधिक ब चा साइन. पाठ केलेल्या सूत्रांच्या गर्दीत मुलांना जे सोपे वाटले ते त्यांनी लिहिले. तो कागद मी फाडला. दुसऱ्या वर्षापासून आम्ही पहिले पाच दिवस फक्त एक वर्तुळ काढतो.

दहावीत तुम्ही साइन म्हणजे संमुख बाजू भागिले कर्ण असे शिकलात. काटकोन त्रिकोणात ते बरोबर आहे. पण मग साइन १५०° म्हणजे काय? एका मुलीने वहीत लिहिले, "असा काटकोन त्रिकोण होत नाही, म्हणून उत्तर नाही." बाकीची मुले हसली. मी मात्र तिला उभे करून शाबासकी दिली, कारण शंका अगदी खरी होती. काटकोन त्रिकोणात एक कोन ९०° चा, उरलेल्या दोघांत मिळून ९०°. तिथे १५०° मावतच नाही. म्हणजे व्याख्याच बदलायला हवी, पण अशी की जुनी उत्तरे बिघडू नयेत.

त्यासाठी आरंभबिंदूवर केंद्र ठेवून १ त्रिज्येचे वर्तुळ काढा. उजवीकडच्या अक्षापासून घड्याळाच्या उलट दिशेने कोन मोजा आणि त्या कोनावर वर्तुळावरचा बिंदू घ्या. त्या बिंदूचा क्ष म्हणजे कॉस आणि य म्हणजे साइन. कोन ९०° हून लहान असेल तर बिंदूपासून खाली लंब टाका, तोच दहावीचा काटकोन त्रिकोण दिसेल आणि त्याचा कर्ण १ असेल. कोन १५०° झाला तर बिंदू डावीकडे वर जातो. त्याची उंची ३०° च्या बिंदूएवढीच, म्हणून साइन १/२. क्ष मात्र शून्याच्या डावीकडे, म्हणून कॉस उणे √३/२. कोणत्या चरणात कोण धन आणि कोण ऋण हे पाठ करायचे कारण उरत नाही. बिंदू कुठे आहे ते पाहिले की झाले.

आता गंमत पाहा. वर्तुळावरच्या प्रत्येक बिंदूसाठी क्ष वर्ग अधिक य वर्ग बरोबर १, हा तर पायथागोरसच. म्हणजे साइन वर्ग अधिक कॉस वर्ग बरोबर १ ही नित्य समानता वेगळी शिकायला नकोच. तिला कॉस वर्गाने भागा, १ अधिक टॅन वर्ग बरोबर सेक वर्ग मिळते. साइन वर्गाने भागा, तिसरी मिळते. चाळीसांपैकी तीन सूत्रे अशी एका चित्रातून निघाली.

सहाव्या दिवशी रेडियन. हा शब्द ऐकून मुले दचकतात, म्हणून मी जेवणाचे ताट आणि दोरा आणायला सांगतो. ताटाच्या त्रिज्येएवढा दोरा कापा आणि काठावर वाकवून लावा. त्या दोऱ्याने केंद्राशी केलेला कोन म्हणजे एक रेडियन. असे दोरे काठावर सहा बसतात आणि थोडी जागा उरते, कारण पूर्ण फेरा म्हणजे दोन पाय, सुमारे ६.२८. म्हणून १८०° म्हणजे पाय रेडियन आणि एक रेडियन म्हणजे सुमारे ५७° १८′. फायदा असा की कंसाची लांबी काढायला नुसते त्रिज्या गुणिले कोन. शिवाय कोन लहान असला की साइन आणि कोन जवळजवळ सारखेच येतात. ०.१ रेडियनचा साइन ०.०९९८ आहे. पुढे कलनशास्त्रात याच गोष्टीचा आधार लागतो. घरी गणकयंत्र वापरत असाल तर एक सावधगिरी ठेवा. यंत्र रेडियनवर असताना साइन ३० दाबले तर १/२ ऐवजी उणे ०.९८८ येते. उंची काढताना उत्तर ऋण आले की आधी यंत्राची खूण तपासा, मग स्वतःला दोष द्या.

इथे मी दहा मिनिटे आर्यभटाकडे जातो. इ.स. ४९९ मधल्या आर्यभटीयात अर्ध-ज्यांचे चोवीस फरक दिले आहेत, दर २२५ कलांना एक. ज्या म्हणजे धनुष्याची दोरी. त्या कोष्टकातली त्रिज्या आहे ३४३८. हा विचित्र आकडा कुठून आला? पूर्ण वर्तुळाच्या २१६०० कला. त्यांना दोन पायने भागा, ३४३८ च्या अगदी जवळ उत्तर येते. आता ३४३८ कलांचे अंश करा, ५७° १८′. मघाशी दोऱ्याने मोजलेला एक रेडियन तो हाच! परिघ आणि त्रिज्या एकाच मापात मोजायची युक्ती तीच आहे. त्यामुळेच कोष्टकातली पहिली ज्याही २२५ च येते, कारण लहान कोनाला ज्या आणि कंस सारखेच. ज्याचाच दुसरा शब्द जीवा. तो अरबीत जिबा झाला, मग जैब असा वाचला गेला. जैब म्हणजे कपड्याची घडी किंवा उराशी असलेला खिसा, म्हणून लॅटिनमध्ये त्याचे भाषांतर सायनस झाले आणि त्यातून साइन आला. इंग्रजी शब्दाला बिचकणाऱ्या मुलांना हे सांगितले की चेहरे जरा सैलावतात.

शब्दांबद्दल आणखी थोडे. कर्ण म्हणजे हायपोटेन्युज, संमुख बाजू म्हणजे ऑपोझिट साइड, लगतची बाजू म्हणजे अ‍ॅडजेसंट साइड, चरण म्हणजे क्वाड्रंट, नित्य समानता म्हणजे आयडेंटिटी. वहीच्या शेवटच्या पानावर अशी जोडी रोज तीन-चार लिहा. संपूर्ण वर्गात तीसेक शब्द होतात, त्याहून जास्त नाहीत. भीती भाषेची वाटते, पण नवे असतात ते एवढे तीस शब्द. मात्र विचार मराठीत करून उत्तर इंग्रजीत लिहायची सवय पहिल्या आठवड्यातच लावा. आधी सगळे मराठीत आणि मग भाषांतर असे करायला घाईच्या वर्गात वेळ मिळत नाही.

बेरीज-वजाबाकीच्या सूत्रांना आम्ही पाच दिवस देतो, कारण मुले सर्वांत जास्त इथेच घसरतात. आधी चूक तपासायची. साइन ३०° म्हणजे ०.५ आणि साइन ६०° म्हणजे सुमारे ०.८६६. बेरीज १.३६६. पण साइन ही १ त्रिज्येच्या वर्तुळावरच्या बिंदूची उंची, ती १ च्या वर जाईलच कशी? मग खरे काय? वर्तुळावर अ आणि ब कोनांचे दोन बिंदू घ्या. त्यांतल्या अंतराचा वर्ग सहनिर्देशकांवरून काढा. कंस सोडवल्यावर उरते २ वजा दुप्पट (कॉस अ कॉस ब + साइन अ साइन ब). आता वर्तुळ असे फिरवा की ब चा बिंदू उजव्या अक्षावर येईल. दुसरा बिंदू अ वजा ब कोनावर जातो, अंतर मात्र बदलत नाही. तोच वर्ग आता २ वजा दुप्पट कॉस (अ − ब). दोन्ही सारखे ठेवा, सूत्र हातात. ब च्या जागी उणे ब घातले की बेरजेचे सूत्र, ९०° मधून वजा केले की साइनची दोन्ही. पुढची दुप्पट कोनाची सूत्रे ब च्या जागी अ घालून. भास्कराचार्यांच्या ज्योत्पत्तीतही साइनच्या बेरजेचा आणि वजाबाकीचा नियम आहे.

हे सिद्ध करणे मुलांना मी फळ्यावर तीन वेळा करायला लावतो. वेळ जातो, आणि दरवर्षी कुणी ना कुणी म्हणते, "सर, परीक्षेला नुसते सूत्र चालेल ना?" चालेल. पण परीक्षेत अधिक आणि वजा यांची चिन्हे विसरायला होतात, तेव्हा हे चित्र काढून चिन्ह पक्के करता येते. ३० आणि ६० घालून पाहणे हा आणखी स्वस्त उपाय: १/४ + ३/४ = १, म्हणजे सूत्र बरोबर.

उरलेले दिवस आलेख, समीकरणे आणि उजळणी यांत जातात. एक दिवस भौतिकशास्त्राला देतो. सपाट मैदानावर फेकलेला चेंडू किती लांब पडेल हे, हवेचा विरोध सोडला तर, साइन दोन थीटावर अवलंबून असते. म्हणून त्याच वेगाने ३०° आणि ६०° ला फेकलेले चेंडू एकाच जागी पडतात आणि सर्वांत लांब ४५° ला. क्रिकेट खेळणारी मुले यावर फार वाद घालतात, आणि तास लांबतो.

१५०° ला उत्तर नाही म्हणणारी ती मुलगी सायन्सलाच राहिली. पहिल्या चाचणीत तिला गणितात जेमतेम गुण होते, दुसरीत बरे. ती आठवड्यातून एकदा वही घेऊन येत असे. शंका त्रिकोणमितीतल्या कमी आणि पुढच्या प्रकरणांतल्या जास्त असत.

खालची गणिते कागदावर वर्तुळ काढून सोडवा, पुस्तक न उघडता. साइन २१०° किती? सायकलच्या चाकाची त्रिज्या ३५ सेंटिमीटर आहे. चाक ४ रेडियन फिरले तर सायकल किती पुढे जाईल? कॉस ७५° ची किंमत ४५° आणि ३०° वरून काढा. आणि चौथे, साइन ६०° हे साइन ३०° च्या दुप्पट का नाही, ते चित्र काढून दोन ओळींत लिहा. उत्तरे शाळेच्या कार्यालयात माझ्या नावाच्या खणात ठेवा. चौथ्याची उत्तरे मी स्वतः वाचतो.